साभार परत न येणारी कविता

स्वतंत्र कवी म्हणजे ज्याच्या कवितेला वाचकापर्यंत जाण्यासाठी संपादकाच्या होकाराची किंवा प्रकाशकाच्या पैशाची वाट पाहावी लागत नाही असा कवी. तो स्वतः लिहितो, स्वतःच प्रसिद्ध करतो आणि मनाला आले की स्वतःच काढून टाकतो. आज ही कविता मुख्यतः मोबाइलच्या पडद्यावर भेटते, म्हणून ती मोबाइलबरोबरच जन्मली असा समज आहे. मराठीपुरता तरी तो खरा नाही. मराठीत नवी कविता बऱ्याचदा मागच्या अंगणातूनच घरात आलेली आहे. आजच्या काळाची नवलाई वेगळीच आहे. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला ओसरीवरूनच वाटेला लावायचे हे ठरवणारा माणूस उठून गेला, आणि त्याचे काम वाचकाच्या अंगावर येऊन पडले.

हा माणूस मराठीत कसा आला आणि कसा गेला, हे पाहायचे तर जळगावपासून सुरुवात करावी लागते. १८८७ मध्ये तेथे नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ हे मासिक काढले. फक्त कवितेला वाहिलेले मासिक, तेही मुंबई-पुण्याबाहेरून चालवायचे, हे त्या काळात धाडसच होते. पुस्तक निघणे तर फारच दूर. केशवसुत १९०५ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या कविता मासिकांच्या पानांत विखुरलेल्या होत्या. त्या पुस्तकरूपाने एकत्र आल्या १९१७ मध्ये. १९०७ मध्ये जळगावातच कविसंमेलन भरले आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ म्हटले. मराठी वाचक आजही ठोमरे हे नाव विसरून तेच नाव घेतो. ओळख पटवणारा एक जाणता श्रोता समोर बसला होता, म्हणून हे झाले.

पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला ‘सत्यकथा’ मासिकाने ही जाणतेपणाची जागा घेतली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाखाली त्यात कविता छापून येणे म्हणजे कवी म्हणून मान्यता मिळणे होते. नाकारलेले लेखन ‘साभार परत’ येई. त्या दोन शब्दांनी कित्येकांना चांगले लिहायला लावले आणि कित्येकांचे लिहिणे थांबवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ‘सत्यकथे’ची अभिरुची घडीव होती आणि तिचे ऋण मराठी कवितेवर मोठे आहे. पण घडीव अभिरुचीला चाळीतला, कामाठीपुऱ्यातला, गिरणीच्या दारातला शब्द सहसा कानाला टोचतो.

त्या टोचणीतून लघुअनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. १९५५च्या सुमारास ‘शब्द’ निघाले. दिलीप चित्रे आणि अरुण कोलटकर त्यात होते. साठीच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, सतीश काळसेकर आणि तुळसी परब यांच्या मंडळींचे ‘फक्त’, राजा ढाले यांचे ‘येरू’ अशी एकेक पत्रे आली. ‘असो’ आणि ‘फक्त’ ही नावे ठेवणाऱ्यांना वर्गणीदार मिळवायची घाई नसावी. ही पत्रे सवडीने आणि जमलेल्या पैशांत निघत. कधी छापून, कधी सायक्लोस्टाइल करून. मेणकागदावर टंकलेखन करायचे, शाईचा रूळ फिरवायचा, टाचण्या मारायच्या आणि अंक मित्रांच्या हाती वाटायचे. १९६९ मध्ये ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’चा अंक जाहीरपणे जाळला. ही कृती काहींना पोरकट वाटली, काहींना आवश्यक. पण नव्या कवितेचे मोजमाप एकाच कचेरीत होऊ नये हा त्यामागचा आग्रह होता.

या पत्रांच्या आसपास वावरलेल्यांनी पुढे जे लिहिले ते आता अभ्यासक्रमात आहे. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली, आणि ती लिहिताना त्यांना संग्रहातल्या अनेक शब्दांचे अर्थ ढसाळांकडून समजून घ्यावे लागले. मराठीतला एक मुरलेला लेखक मराठीच शब्दांचे अर्थ विचारतो, यात कमीपणा नव्हता. नव्या कवितेचा वाचक नेमका असाच असावा लागतो. कोलटकरांनी तर प्रकाशनाची वाटच वेगळी धरली. १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि कोलटकरांचे इंग्रजी ‘जेजुरी’ तेथून पुस्तकरूपात आले. पुढच्याच वर्षी अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या.

या सगळ्यापेक्षा वेगळे आणि जास्त बोलके उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, घरकाम करताना त्या ओव्या रचत आणि मुलगा सोपानदेव व घरातले इतर त्या कागदावर उतरून घेत. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. घरात कोणी लिहून ठेवले नसते आणि एका वाचकाने हट्ट धरला नसता, तर मराठीला हे पुस्तकच मिळाले नसते.

आता इंटरनेटवरची कविता. मराठी माणूस तेथे लवकर पोचला. परदेशातल्या मराठी मंडळींनी सुरू केलेले ‘मायबोली’ १९९६चे आहे. त्या काळी देवनागरी लिहिणे हाच खटाटोप होता. प्रत्येकाचा फाँट निराळा. एकाने पाठवलेली कविता दुसऱ्याच्या यंत्रावर चौकोन आणि प्रश्नचिन्हांची रांग होऊन उमटे. युनिकोड रूढ झाल्यावर ही अडचण बरीचशी मिटली. हिंदीत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘कविता कोश’ने हजारो कविता एका जागी आणल्या. मराठीत अशी एकच मोठी वखार नाही. कविता इन्स्टाग्रामवर आहे, फेसबुकवर आहे, यूट्यूबवरच्या काव्यवाचनात आहे, ‘हाकारा’सारख्या ऑनलाइन नियतकालिकांत आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत तर अहोरात्र आहे. म्हणून ती शोधण्याची थोडी कारागिरी लागते.

पहिली अडचण दिसण्यातली. इन्स्टाग्रामवरची बरीचशी कविता चित्र म्हणून चढवलेली असते: फिकट कागदाची पार्श्वभूमी, वळणदार अक्षर, कोपऱ्यात वाळलेले पान. हे दिसायला छान, पण चित्रातला मजकूर नेहमीच्या शोधाला सहसा सापडत नाही. कवीने तीच कविता खालच्या मजकुरातही टंकली असेल तर ती सापडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. दुसरी अडचण खास मराठी आहे. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’ या शब्दांतला अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या प्रकारांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. त्यामुळे ‘वाऱ्यावर’ या शब्दाने शोध घेतला आणि हाती काही लागले नाही, याचा अर्थ कविता नाही असा होत नाही. अशा वेळी त्याच कवितेतला साधा, जोडाक्षर नसलेला शब्द निवडावा. सलग तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधले तर नेमकेपणा येतो. रोमन लिपीत टंकलेली मराठी कविताही पुष्कळ आहे. ती शोधायची तर रोमन स्पेलिंगच्या दोन-तीन तऱ्हा करून पाहाव्या लागतात.

शोधण्याची सर्वांत खात्रीची वाट मात्र जुनीच आहे: एका कवीवरून दुसऱ्याकडे जाणे. आवडलेला कवी स्वतः कोणाला वाचतो, कोणाच्या ओळी मनापासून पुढे पाठवतो, कोणाबरोबर काव्यवाचनाला बसतो, हे पाहत गेले की चार-सहा उड्यांत एखादा अनोळखी पण चांगला कवी भेटतो. लघुअनियतकालिकांचा वाचकही असाच एका अंकातल्या नावावरून दुसऱ्या अंकाकडे जात असे. पडद्यावर आपोआप समोर येणाऱ्या कवितेवर विसंबणे त्यामानाने तोट्याचे. वाचक ज्यावर थांबला त्याच्यासारखेच आणखी दाखवायचे, हा त्या यंत्रणेचा धर्म आहे. पावसाच्या दोन कविता वाचल्या की आठवडाभर पाऊस संपत नाही. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, भिली अशा बोलींतली कविता तर मुद्दाम शोधल्याशिवाय समोर येणे कठीण. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ने १९८७ मध्ये भिली कविता मराठी वाचकांसमोर ठेवली. आज कोणी बोलीत लिहिले तर त्याला प्रमाण मराठीत बसवणारा संपादक वाटेत नाही, ही ऑनलाइन कवितेची मोठी जमेची बाजू आहे.

कविता सापडली की ती कोणाची, हा प्रश्न येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कविता पुढे पाठवताना कवीचे नाव बहुधा खालच्या ओळीत असते आणि मजकूर उचलताना आधी तीच ओळ सुटते. पाच-सात हातांतून गेल्यावर कोणाला तरी वाटते, एवढी चांगली कविता निनावी कशी? मग खाली कुसुमाग्रज, पु. ल. किंवा असेच एखादे वजनदार नाव चिकटवले जाते. हा रोग केवळ मराठीला नाही. ब्राझीलच्या लेखिका मार्था मेदेइरोस यांनी २०००मध्ये वृत्तपत्रातल्या सदरात लिहिलेला, हळूहळू मरणाऱ्या माणसाविषयीचा मजकूर जगभर पाब्लो नेरुदांची कविता म्हणून फिरला. २००८मध्ये इटलीच्या सिनेटमध्ये एका नेत्याने तो नेरुदांच्या नावाने वाचूनही दाखवला. प्रयत्न करणाऱ्याची कधी हार होत नाही असे सांगणारी प्रसिद्ध हिंदी कविता हरिवंशराय बच्चन यांच्या नावावर खपत होती. ती सोहनलाल द्विवेदींची असल्याचा खुलासा खुद्द अमिताभ बच्चन यांनी केला.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाणांची खूण दिसली की तो मजकूर अनेक हातांतून आलेला आहे एवढे नक्की. अशी कविता हाती आल्यास कवीच्या छापील संग्रहात ती आहे का हे पाहावे. नसेल तर तिचा सर्वांत जुना ऑनलाइन आढळ कुठला आणि तो कोणाच्या नावावर आहे हे तपासावे. मोठ्या कवीची न ऐकलेली कविता अचानक एखाद्या गटात सापडण्यापेक्षा कोणा नवख्याच्या कवितेवर मोठे नाव चिकटणे फार सामान्य आहे. कायदाही नवख्याच्या बाजूने उभा आहे. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिली गेली की हक्क कवीचा; त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कलम ५७ प्रमाणे कवितेवर आपले नाव असावे आणि तिची मोडतोड होऊ नये असा आग्रह धरण्याचा अधिकार, हक्क विकल्यानंतरही, कवीकडेच राहतो. ‘नेटवर होती म्हणून घेतली’ ही सबब कायद्यात नाही.

रसग्रहणाचा भाग सर्वांत रंजक, आणि तो मोबाइलच्या अरुंद पडद्यापासूनच सुरू होतो. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९ अक्षरे आणि विसावा बाराव्या अक्षरावर. मोबाइलवर तो चरण पडद्याच्या कडेला आपटून भलत्याच ठिकाणी मोडतो, आणि वृत्तात लिहिलेली कविता गद्यासारखी अडखळते. मोबाइल आडवा धरला की कविता सरळ होते. उलट सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग पडद्यावर असा चपखल बसतो की तो जणू त्यासाठीच बेतला असावा. मुक्तछंदाला हा आधार नसतो. तिथे ओळ कुठे तुटते हाच छंद. म्हणून पुढे पाठवताना ओळी सरसकट जोडल्या गेल्या असतील तर आधी मूळ मांडणी मिळवावी.

ओळ तुटण्याने काय होते, ते पाहण्यासाठी या लेखापुरत्या रचलेल्या चार ओळी:

शेवटची गाडी गेल्यावर
स्टँडवरचा पंखा
अजून फिरतो आहे
कुणासाठी तरी

यात भावना दाखवणारा एकही शब्द नाही. गाडी, स्टँड, पंखा, एवढेच सामान. ‘अजून’ हा पहिला खटका. गाडी गेल्यावर फिरण्याचे कारण संपले, तरी पंखा थांबलेला नाही. तिसरी ओळ संपते तिथे वाक्यही पुरे झाले आहे. त्यानंतर येणारे ‘कुणासाठी तरी’ उशिरा आलेल्या प्रवाशासारखे येते, आणि त्या उशिरातच कवितेचा जीव आहे. तेच शब्द ‘कुणासाठी तरी अजून फिरतो आहे’ असे उलटवले की व्याकुळता आधी सांगितली जाते आणि पंखा तिचा हमाल होतो. आता खाली पाचवी ओळ जोडून पाहावी: ‘तसंच माझं मनही’. कविता तिथेच बसली. वाचकाने स्वतःहून मनापर्यंत यायचे होते. त्याला हात धरून आणून सोडले. ऑनलाइन मराठी कवितेतला सर्वांत पसरलेला दोष हाच: अर्थ उलगडून सांगणारी शेवटची ओळ. चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’ने चारोळी घरोघरी नेली, आणि चौथ्या ओळीतल्या झटक्याची चटकही त्याबरोबर लागली. झटका वाईट नाही, पण दुसऱ्या वाचनाला तो उरतो का, ही कसोटी. शेवटची ओळ बोटाने झाकून कविता पुन्हा वाचावी. तिच्यावाचून अडले नाही, तर ती जास्तीची होती.

गझलेला वेगळी फूटपट्टी लागते. १९३३ मध्ये माधव जूलियन यांच्या ‘गज्जलांजलि’ने ती मराठीत पक्की रुजवली आणि सुरेश भटांनी ती लोकांच्या ओठांवर आणली. होतकरूंसाठी भटांनी ‘गझलेची बाराखडी’ही लिहिली. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, दोन्ही ओळींना यमक आणि अन्त्ययमक हवे. पुढे प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत ते पाळायचे आणि सगळ्या ओळी एकाच वृत्तात चालवायच्या. ऑनलाइन ‘गझल’ म्हणून जे येते त्यात पुष्कळदा यमक असते, वृत्त मात्र लंगडते. हे डोळ्यांना कळत नाही, तोंडाला कळते. भुजंगप्रयातासारख्या वृत्तात ‘लगागा’ चार वेळा मोठ्याने म्हणावे आणि त्याच चालीवर ओळ म्हणावी. जिथे जीभ अडखळेल तिथे मात्रा घसरली आहे. अर्थात वृत्त बिनचूक असूनही शेर निर्जीव असू शकतो. प्रत्येक शेर स्वतंत्र कवितेसारखा उभा राहतो का, हे त्यानंतर पाहायचे.

अनोळखी शब्द आला की कविता दुर्बोध ठरवून पुढे सरकण्याचा मोह होतो. तेंडुलकरांनी ढसाळांना विचारले; आज तर कवी एका निरोपाच्या अंतरावर आहे. बोलीतला, व्यवसायातला, वस्तीतला शब्द विचारून घेतल्यास बहुतेक कवी आनंदाने सांगतात. आवडल्याच्या आकड्यांकडे मात्र पाहू नये. हजारो बदाम मिळालेल्या कवितेत आणि सात बदामांच्या कवितेत फरक कित्येकदा वेळेचा, छायाचित्राचा आणि ओळखीपाळखीचा असतो. मुख्य म्हणजे कवीची एकच कविता वाचून मत बनवू नये. दहा-बारा सलग वाचल्या की लक्षात येते, हाताला वळण आहे की एकच साचा पुन्हा पुन्हा ओतला जातो आहे.

दाद देणे हाही या वाचनाचा भाग. संपादक गेला तसा त्याचा अभिप्रायही गेला. ‘वाह’, ‘क्या बात’ आणि जोडलेले हात यांतून कवीला काहीच कळत नाही. कोणत्या ओळीवर थांबलो आणि कोणती ओळ खटकली, एवढे दोन वाक्यांत कळवले तरी कवी त्या दृष्टीने पुढची कविता पाहतो. स्वतंत्र कवीने स्वखर्चाने संग्रह काढला असेल तर तो भेट म्हणून मागू नये, विकत घ्यावा.

आणि कविता जपून ठेवावी. छापलेला अंक रद्दीत गेला तरी एखादी प्रत कुठल्याशा वाचनालयात उरते. पडद्यावरची कविता कवीने खाते बंद केले की जाते, आणि कंपनीने दुकान बंद केले की सगळ्यांचीच जाते. भारतात एके काळी अतिशय लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. तिथे रंगलेल्या मराठी कवितांपैकी ज्या कोणी उतरवून घेतल्या नाहीत, त्या आज मिळत नाहीत. म्हणून नवी कविता आवडली तर ती सोपानदेवांसारखी वहीत उतरवून ठेवावी, ओळी जिथे तुटल्या तिथेच तोडाव्यात, आणि खाली कवीचे नाव व तारीख लिहावी.